लाल दोऱ्याची सुरी

परशराम वडगावच्या बेकरीतून येतो
भुवयांवर मैदा घेऊन.
मागच्या दारी नळ, साबण, नखांना ब्रश.
तोवर समीक्षा उंबऱ्यावर
हात मागे बांधून उभी.
सात वर्षांची. गहू चालत नाही
हे मराठीत सांगते, कन्नडमध्येही.

रविवारी ओटा तीनदा पुसून
तो ज्वारी, तांदूळ, इसबगोल कालवतो.
रोज हजार पाव वळणारे हात
या चिखलापुढे अडाणी.
पहिले चार ब्रेड विटा झाले.
भाकरी आहे की, म्हणाले मी.
"भाकरीचं सँडविच होत नाही, आई."

हा पाचवा. मधोमध खचलाय.
ती कान लावते:
"पप्पा, हा कडकड बोलतोय!"
तो सुरी शोधतो,
हिची वेगळी,
लाल दोरा बांधलेली.