शिल्लक

कुरे बंदरामागच्या गेम सेंटरात
मी दुपारपासून दिवे मालवेपर्यंत असतो.
काचा पुसतो, अडकलेले बिल्ले सोडवतो,
हरलेल्यांकडे न बघण्याचं काम करतो.

कुवाबारा रोज साडेचारला यायचा.
चाळीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेला माणूस.
बाहुल्या उचलायच्या पंजाकडे ढुंकूनही बघायचा नाही.
"ते काम झालंय माझं करून," म्हणायचा,
"आणि आमचा पंजा असा ढिला नव्हता."

तो बसायचा सात नंबरवर.
काचेआड बिल्ल्यांचा ढीग,
मागून फळी येते, रेटते, मागे जाते,
कडेवर शेकडो बिल्ले अर्धे बाहेर,
आता पडतील, आता.
जिंकलेल्या बिल्ल्यांचं काही येत नाही,
साधं बिस्किटही नाही.
आणखी खेळायला मिळतं, एवढंच बक्षीस.

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
माणूस जिंकून खिळत नाही,
थोडक्यात हुकून खिळतो.
मी वहीत उतरवलं, खाली रेघ मारली.
कुवाबाराला बघून ती रेघ जरा वाकडी वाटायला लागली.
ढीग कोसळून खणखणाट झाला
की तो अवघडून जायचा,
परक्याच्या घरात हातून भांडं पडावं तसा.
एखादा बिल्ला कडेवर लटकून राहिला मात्र,
की वळून मागे बघायचा:
पाहिलंत का कुणी?

बहुधा मीच असायचो.
मी मान हलवायचो.
त्यावर त्याचे आणखी वीस बिल्ले सहज जायचे.

उरलेले तो खात्यात ठेवायचा.
चार आकड्यांचा गुप्त क्रमांक, चष्मा विसरला त्या दिवशी
त्यानंच मोठ्यानं सांगितला, अख्ख्या हॉलला:
आयुष्यात उचललेल्या सगळ्यात जड तुकड्याचं वजन.

नियम असा आहे: तीस दिवस खातं हललं नाही
की शिल्लक शून्य.

ऑक्टोबरपासून सात नंबर रिकामं.
घरी जाऊन चौकशी करावी असं आमचं नातं नव्हतं.
एकोणतिसाव्या दिवशी, मॅनेजर जेवायला गेल्यावर,
मी ते वजन दाबलं.
चार हजार तीनशे सोळा.
एक काढला.

ही चोरी की रडीचा डाव, ठरवता येईना.
लहानपणी कुणाची नाडी सुटली
तर आम्ही सगळे जागच्या जागी थांबायचो,
एक पाय वर धरून,
तो गाठ मारेपर्यंत.
पकडणारासुद्धा.

घरी येऊन हिशेब केला:
महिन्याला एक,
तर तीनशे एकोणसाठ वर्षं आणि आठ महिने.

काल पाचवा. सात नंबरवर बसलो, सोडला.
फळी आली, गेली.
बिल्ला घरंगळला, आडवा झाला,
कडेवर, अर्धा बाहेर.

मी वळून पाहिलं.
पंजाशी झुंजणारी एक शाळकरी मुलगी,
मोज्याला भोक,
मुठीत शेवटचं नाणं.
तिनंही पाहिलं होतं.