हनुवटीचा टाका

डुलूथमध्ये त्या रात्री पारा शून्याखाली कुठेतरी.
एकोणीस वर्षांचा टॉर्स्टन, भरधाव स्नोमोबिल,
आणि कुणाच्या तरी कुंपणाची तार
बरोबर गळ्याच्या उंचीवर.

मानेवर बोट ठेवलं तर कातडीखाली कुरकुर,
चुरमुऱ्यांच्या पिशवीवर हात दाबावा तशी.
हवा भलतीकडेच शिरलेली.

असं किती वेळा बघितलंय तुम्ही? बापाने विचारलं.
बावीस वर्षांत दोनदा, मी म्हटलं.
पहिला वाचला नाही, हे नाही म्हटलं.

दुर्बिणीवरून नळी सरकवली
फाटल्या जागेच्याही खाली, मग टाके.
श्वासनलिकेची दोन कडी तुटलेली,
ती जुळवता जुळवता उजाडलं.
शेवटी हनुवटीपासून छातीपर्यंत एक जाड दोरा:
आठ दिवस मान वर करायची नाही.

आमच्याकडे मान खाली घालतात ती शरमेने.
हा आपल्याच गुडघ्यांकडे बघत बसायचा,
पाटीवर लिहायचा, बर्फ थांबला का?
मी खिडकीशी जाऊन बघून यायचे.

नवव्या दिवशी दोरा कापला.
त्याने मान लगेच उचलली नाही.
आधी श्वास घेऊन पाहिला, पुन्हा एकदा पाहिला,
मग घोगरं काहीतरी बोलला,
बहुतेक
तारेला शिवी.