आवाज बंद आहे तुमचा

प्रशिक्षणाची खोली मोडीत काढली कंपनीने.
म्हणजे भिंती आहेत जागेवर,
आत सुटे रोलर ठेवतात, ताडपत्रीखाली.
मी घरून शिकवतो, स्वयंपाकघरातल्या टेबलावरून.
मागे खिडकी, खिडकीत बॉथनियाचं गोठलेलं आखात,
आणि दुपारी दोनलाच दिवा लावावा लागतो,
नाहीतर माझा चेहरा दिसत नाही
तेवीस चौकटींना.

तेवीस. त्यातल्या सतरा काळ्या.
काळ्यावर पांढरं नाव, खात्याचा क्रमांक.
आमच्याकडची माणसं तशीही मोजकंच बोलतात,
खोलीतही गप्पच असायची,
पण त्या गप्प बसण्याला खांदे होते, मान होती,
टेबलाखाली कुणाचा तरी बूट हलायचा
आणि मला कळायचं,
झडपेचं पुन्हा सांगायला हवं.
ही शांतता मला वाचता येत नाही.

आज बेअरिंगचा धडा.
एर्क्की पेल्टोमाने मला तो शिकवला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा.
काही समजावलं नाही.
झाडूचा दांडा यंत्राला टेकवला,
दुसरं टोक माझ्या कानामागच्या हाडाला,
म्हणाला, ऐक.
मग दिवसभर बोलला नाही.
चांगलं बेअरिंग बर्फाखालच्या पाण्यासारखं वाहतं.
बिघडू लागलेलं,
घासात वाळूचा कण यावा तसं.

मी ध्वनिफीत लावली, तीन नंबरच्या कागदयंत्राची,
ते बसलं त्या रात्रीची, चाळीस सेकंदं.
"ऐकलंत?"
यालमारीने खाली बारीक अक्षरांत लिहिलं:
ओइवा, तुमचा आवाज बंद आहे का? काहीच येत नाही.

बंद नव्हता.
गोंगाट समजून गाळून टाकला होता त्या शहाण्या सॉफ्टवेअरने
माझा सगळा धडा.
कुत्रं भुंकलं तर गाळतं, नळ वाहिला तर गाळतं,
यंत्र मरायला टेकलं तर तेही.
फक्त माणसाचं बोलणं पोचवतं,
आणि बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण खोटं कशाला सांगू.
हेलवी राहते कुहमोच्याही पलीकडे,
गिरणीपर्यंत चार तासांची बर्फाची वाट,
मांडीवर सात महिन्यांचं पोर.
खोली असती तर ती यादीतच नसती.
रात्री अडीचला, बाळाला पाजता पाजता,
तिने मागचा धडा अकरा वेळा पाहिला
(मला दिसतं, इथे सगळं मोजलं जातं)
आणि विचारलं:
हाताला गरम लागलं म्हणता,
पण बाहेरून आलेला हात तर आधीच गारठलेला, त्याचं काय?
इतक्या वर्षांत तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.
दोन दिवस मी माझ्याच हाताकडे बघत होतो.

आणि रूपे. बोलताना प्रत्येक शब्दाला ठेच लागते त्याला,
लिहितो मात्र धबधब्यासारखा.

कॉफीची सुट्टी पंधरा मिनिटं. प्रत्येकाची कॉफी आपापली.
पूर्वी वेलचीच्या पावाच्या ताटलीभोवती उभं राहून
एर्क्की सांगायचा, त्याचं बोट कसं गेलं.
ते कुठल्याच धड्यात नाही.
कुठल्या धड्यात घालू?

सुट्टी संपल्यावर म्हणालो:
उठा. लाकडी डाव घ्या, पळी, काय असेल ते.
एक टोक फ्रिजला, एक कानामागे.
डोळे मिटा.

सतरा काळ्या चौकटींत काय झालं, ठाऊक नाही.
हेलवी दिसली, ओट्याशी वाकलेली,
बाळ तिचे केस ओढत होतं.
मीही माझ्या फ्रिजला कान लावला. वाहत होता.
बराच वेळ काही नाही.
मग रूपेची एक ओळ:
माझ्यात वाळू आहे.

तपासायला मी जाऊ शकत नाही,
तो तीनशे किलोमीटरवर.
हजेरीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे
समजलं, अशी खूण केली.
पेन्सिलीने.