पाचापैकी

ह्यांनी कालच्या पिक्चरला पाचापैकी दीड दिला.
एक त्या म्हाताऱ्या पोस्टमनला,
जो दोनच मिनिटं आला आणि सायकल नीट स्टँडवर लावून गेला.
अर्धा, पिक्चर लवकर संपला म्हणून.
बाकीचे साडेतीन स्टेशनात कापले.
हिरोईन धावतेय, गाडी सुटतेय, सगळा पडदा रडतोय,
आणि हे सोफ्यावरून उठून काचेला बोट लावतात:
"शेवटच्या डब्याला पाटी कुठाय?"

एकतीस वर्षं मालगाडीचे गार्ड, भुसावळ-खांडवा, भुसावळ-मनमाड.
शेपटाला एल.व्ही.ची पाटी नसेल तर गाडी पूर्ण नाही,
मागे कुठंतरी डबे तुटून राहिलेत,
त्या रुळावर दुसरी गाडी सोडायची नसते.
"आणि ह्यांनी तर लग्न लावून टाकलं!"

माझं तसं नाही. मी स्वयंपाकघर बघते.
दहा भागांची ती मोठी सिरीज,
सात माणसांचं घर, आणि मोरीत एक खरकटं पातेलं नाही.
मी तिथंच एक कमी केला.
मग ती बायको. नवरा रात्रपाळीला, ही खिडकीत,
केस मोकळे, मागे सारंगी.
मी म्हटलं, खोटंय.
हे म्हणाले, तुला काय माहीत?
म्हटलं, मी कधी खिडकीत उभी नव्हते.
झोपायचे. चांगली घोरायचे.
कडी तेवढी अर्धीच सरकवायचे.

हे रिमोटचे सेल काढून परत घालत बसले.
त्या रात्री पुढचा भाग लावला नाही.

शेजारच्या कोकिळाबाई पारोळ्याच्या,
मोबाइलवर दीडपट वेगानं बघतात,
आणि कळण्याची भाकरी द्यायला येऊन दारातूनच सांगतात,
"खुनी तो धाकला दीर शे!"
ह्यांनी दोन दिवस ती भाकरी खाल्ली नाही.
तिसऱ्या दिवशी ठेच्याबरोबर खाल्ली.

आता उन्हाळा. पंचेचाळीस.
कूलर लावला की अर्धे संवाद वाहून जातात,
मला ऐकू येतं "माफ कर", ह्यांना "साफ कर",
म्हणून आमची मतं जुळत नाहीत.
बर्फातल्या त्या परदेशी खुनाला मात्र दोघांनीही साडेतीन दिले.
कळलं काहीच नाही. खोली गार वाटली.

खातं हितेंद्रचं. तो चाकणला, कंपनीत, शिफ्टमध्ये.
त्यानं आम्हाला एक चौकोन काढून दिलाय,
खाली लिहिलंय आई-अण्णा.
आम्ही काय पाहिलं, कुठं थांबलो, त्याला तिकडे दिसतं.
जेवलात का, विचारत नाही. विचारतो,
"ती तिसऱ्याच भागात सोडली?"
मी सांगते, त्यात सगळे कुजबुजतात रे.

मागच्या मंगळवारी ह्यांचं बीपी चढलं.
तीन रात्री टीव्ही बंद.
त्याला कळवायचं नाही, असं ह्यांनी गोळी गिळता गिळता बजावलं.
चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन:
"आई, सातव्या भागात बाराव्या मिनिटाला का थांबलात?"
मी म्हटलं, कूलरचा आवाज फार येतो.
तो गप्प.
मी पण गप्प.
मग ह्यांनी फोन ओढून घेतला
आणि सातव्या भागातल्या फाटकवाल्याबद्दल सुरू झाले,
हिरवा कंदील डाव्या हातात कसा, फाटक उघडं कसं,
वीस मिनिटं. तिकडून नुसतं हं, हं.
त्याची कंपनीची बस चुकली असणार.

रात्री बाराव्या मिनिटापासून पुढं लावलं.
खुनी मधला निघाला.
कोकिळाबाई म्हणतात, मी मधलाच सांगेल व्हता.

ह्यांनी चार दिले. चार म्हणजे ह्यांच्या हातून फार झाले.
मी विचारलं, पाचवा कशापायी कापला?
पाटी तर होती, मी बघितली.

"कापला नाही," म्हणाले,
"हितेंद्रनं अजून पाहिली नाही."