दोन माणसांची संस्था

सकाळी ॲल्युमिनियमचा कारखाना तपासला.
बाराशे माणसं, सातशे पानांची फाइल,
भिंतीवर काचेत माझ्याच सहीचं प्रमाणपत्र,
आणि मागच्या नाल्यावर
मापकाचा काटा एकाच आकड्यावर झोपलेला, कधीचा.
मी तसं लिहिलं.
व्यवस्थापक कमरेतून वाकला.
बाराशे जणांच्या वतीनं एक माणूस इतका वाकतो
की पुढचा प्रश्न विचारायचा संकोच वाटतो.
विचारला.

एकवीस वर्षं हेच करतेय.
इस्पितळाच्या धोबीखान्यात गेलेय, तुरुंगात गेलेय,
तिथे दिव्यांच्या बटणांची वही एका जन्मठेपवाल्याकडे होती,
अक्षर छापल्यासारखं.
स्मशानात, जिथे धुराचा आकडासुद्धा
माझ्या कानाशी येऊन सांगितला गेला.
एका देवळात मुख्य पुजाऱ्याशी तासभर वाद,
उदबत्ती कुठल्या रकान्यात मांडायची.
आणि शाळेत पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं,
मिनेगिशी-सान, तुमच्या गाडीला पेट्रोल किती लागतं?
मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी हिमीच्या बंदरामागचं हे न्हाणीघर.
योशिए गल्ल्यावर, हिरोनाका बंबापाशी.
हिरोनाकांनी कपाळाचा फडका सोडला, घडी घातली, मग विचारलं,
'आम्ही दोघंच. आम्हाला मिळेल का?'
लहान तोंडी मोठा घास घेतल्यासारखे ओशाळले.

मी पाठ असलेलं म्हणून दाखवलं.
कारखाना असो, कचेरी असो, दुकान असो,
सरकारी, खाजगी, नफ्याची, बिननफ्याची,
मानकाजवळ उंची मोजायची पट्टी नाही.
ते एवढंच विचारतं, तुमच्या दारातून बाहेर काय जातं?
ठाऊक आहे का? कमी कोण करणार?
चुकलं तर कुणाला कळेल?

हिरोनाका आत गेले.
परत आले ते हातांवर वह्यांची चळत घेऊन,
एकतीस वर्षांच्या, शेकानं पिवळ्या पडलेल्या.
पाडलेल्या घरांचं लाकूड, किलोत.
विहिरीची पातळी, वितीत.
राख कुणाच्या पर्सिमनच्या बागेत गेली.
रंगवलेल्या फळ्या आल्या, परत पाठवल्या.
आणि एका फेब्रुवारीत, वेड्यावाकड्या अक्षरात:
'बर्फ. दुसरं लाकूड नाही. रंगवलेलं जाळलं.
धूर काळा. शेजारच्या बाळाला खोकला.
पुन्हा नाही.'

आमच्या भाषेत याला म्हणतात
विसंगती, कारण, सुधारणा.
सकाळच्या फाइलमध्ये तिन्ही शब्द होते,
सुबक, रंगीत चौकटीत.
खोकला नव्हता.

मग त्यांनी खर्च विचारला.
मी सांगितला, दरवर्षीच्या फेरीसकट.
दोघं एकमेकांकडे न बघता बंबाच्या जाळीकडे बघत राहिली,
एका कोपऱ्यात ती खचली होती.
'तेवढ्यात दोन जाळ्या येतील,' योशिए म्हणाली,
आणि हसू लपवायला तोंडावर हात.
कुणालाही मिळू शकतं, हे मी खरंच सांगितलं होतं.
तरी घसा साफ करावा लागला.
'असू दे,' हिरोनाका म्हणाले,
'आपण बसतो का त्यात, एवढंच बघायचं होतं.'

मी आंघोळीचे पैसे मोजून दिले.
परीक्षकानं फुकट काही घेऊ नये, नियम आहे.
गळ्यापर्यंत पाण्यात बसले,
शेजारी मासळीबाजारातल्या दोघी म्हाताऱ्या
बुरीच्या भावावरून भांडत होत्या.
दिवसभराचा कारखाना हळूहळू
खांद्यावरून उतरला.

निघताना गल्ल्यावर वही उघडी होती,
शाई ओली.
'लाकूड एकवीस किलो. बायका सात.
पैकी एक परगावची,
गरम नळ बराच वेळ उघडा.'

मी खाली वाकून वाचलं.
बरोबर होतं.