भूल

यादी अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.
दुसरी फेरी, पान सदतीस.
माझ्या नावापुढं भूलशास्त्र,
रेणुका नंदीवालेच्या नावापुढं सर्जरी,
आणि आमच्या मध्ये नऊ हजार माणसं,
जी माझ्या मागं होती, तिच्या पुढं.

थोरल्या दवाखान्यात रात्री
ती कोपरापर्यंत साबण लावायची,
मी औषधं भरता भरता ती माणसं मोजायचो.

आमच्याच बॅचचा एक जण
कोटभर मोजून रेडिऑलॉजीला गेला.
त्याचा क्रमांक कुणी विचारला नाही.
पेढे चांगले होते.

रेणुकाचा आजा झुलीचा बैल घेऊन
कागल ते गारगोटी दारोदार फिरलेला.
पोरगं होईल का, विचारलं की बैल मान डोलवायचा.
"आमच्या बैलाला एकच पर्याय यायचा,"
दसरा चौकात चहा पिताना ती एकदा म्हणाली.
समोर बोर्डिंगची पोरं दात घासत होती.
मला त्यात टोमणा ऐकू आला.

मग ती गुरुवारची पहाट.
आजऱ्याकडची म्हातारी, पोट लाकडासारखं.
मी कागदावर लिहिलं: पोटदुखी, दोन दिवस.
रेणुका स्टूल ओढून बसली.
"आज्जी, बाजारातली गुडघ्याची पुडी खातासा न्हवं?"
म्हातारीनं मान डोलवली.
"किती वरीस?"
म्हातारी रडायला लागली.

टेबलावर माझी नळी आधी अन्ननलिकेत गेली.
काढली, परत घातली.
कुणी म्हणालं नाही, ओपनवाल्यांचं हे असंच.

तासाभरानं तिचा एक टाका सुटला
आणि कुणीतरी पुटपुटलं, कॅटेगरी.
आवाज मास्कच्या आतून आला.
आवाज माझा होता.

तिनं मान वर केली नाही.
"बीपी किती?"
"शंभर, साठ," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी पेज पिता पिता
म्हातारीनं त्या डॉक्टरबाईचं आडनाव विचारलं.
"नंदीवाल्याची नात व्हय?
पसाभर जुंधळं घालायची मी त्येला."

माफी मागायला म्हणून गेलो
आणि रेणुकाला हेच सांगून बसलो.
ती कात्री पुसत होती.
"घातलं असंल," म्हणाली,
"कुत्रंबी सोडलं असंल. दोन्ही व्हायचं."

यादी मी पुसलेली नाही.
मोजायला बसलो की हल्ली
चारशेच्या पुढं चुकतो.