करन्यास

पेन टेबलावर आडवं ठेवून वकील तेहमीनाबाईंनी विचारलं,
“परत घेता येईल असा न्यास करायचा, की न येईल असा?”
म्हटलं, बाई, फरक सांगा.
किराण्याच्या बिलासारखा, ओळीओळीनं.

पहिल्यात, त्या म्हणाल्या, घर हातचं जातं,
पण हाकेच्या टप्प्यात राहतं.
दुसऱ्यात हाक मारायची सोयच नाही.
माहीमचा फ्लॅट, दोन ठेवी, गाळ्याचं भाडं,
सगळं आल्हादचं. सांभाळतील विश्वस्त.
तुम्ही शेवटपर्यंत तिथं राहाल.
राहाल, एवढंच.

मला आठवला प्रफुल्ल,
माझा धाकटा भाऊ. रडताना फार देखणा दिसतो.
एकदा झेरॉक्सच्या दुकानासाठी, एकदा कोळंबीच्या धंद्यासाठी,
एकदा कशासाठी ते त्यानं सांगितलंच नाही.
तीनदा दिले. चौथ्यांदाही देईन,
मला मी माहीत आहे.
चोर काय, कडीच उचकटतात.
कुलूप असतं ते
आपल्याच मऊ हातासाठी.

“न येईल असा,” मी म्हटलं.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत टोकन एकशे सात.
आल्हादनं ते हुंगलं, खिशात घातलं,
मागितलं तरी दिलं नाही.
एक्केचाळीस वर्षांचा आहे.

कारकून म्हणाला, अंगठा.
यंत्रात लाल दिवा.
पुसून ठेवा. पुन्हा लाल.
सांगितलं त्याला, तेहतीस वर्षं गिरगावात
दातांच्या कवळ्या घासल्या मी,
प्युमिसची पूड आणि फिरतं चाक.
परक्यांचं हसू चकाकवताना
माझ्या रेघा गेल्या.
तर्जनी. लाल. मधलं बोट. लाल.
आणि एकदम वडील दिसले, पाटावर, ओल्या पंच्यात,
बोटाला बोट लावत पुटपुटणारे,
अंगुष्ठाभ्यां नमः, तर्जनीभ्यां नमः…
न्यासच म्हणायचे त्यालाही.
देवाला शिवायचं तर आधी हात आपले राहता कामा नयेत,
असं काहीसं सांगत होते.
मी नीट ऐकलं नाही, दूध उतू जात होतं.

अनामिकेला हिरवा लागला.
ज्या बोटाला नावच नाही
त्यानं माझं नाव भागदाखल्यावरून उतरवलं.
हातावर पाणी सोडलं, म्हणतात लोक.
इथं पाणी नव्हतं. कूलर बंद होता.

दस्तात मावत नाही ते वेगळ्या कागदावर लिहा,
तेहमीनाबाई म्हणाल्या होत्या,
फक्त तो कागद कुणाला बांधील नसेल.
मी लिहिलं:
बिस्किट अख्खं द्या, मोडायचं काम त्याचं.
न्हाव्याची कात्री चालते, मशीन नाही.
रात्री साडेनऊला तो घरातल्या किल्ल्या ओळीत मांडतो,
एक जरी कमी असली तर झोपत नाही.
‘रागावू नका’ लिहिलं. खोडलं.
‘रागावलात तर नंतर जवळ बसा.’
रद्द न होणारा दस्त अकरा पानांचा,
हा, ज्याला कुणी बांधील नाही,
अठरा झाली तरी संपेना.

घरी आले. दारात चपला काढल्या,
पाहुणी काढते तशा, नीट, जोडीनं.
कॅलेंडरसाठी खिळा ठोकायचा राहिला होता.
हातोडी घेतली आणि अडले.
शेजारी पिंटो सर, तिघा विश्वस्तांतले एक,
त्यांना फोन लावला:
आमच्या… आल्हादच्या भिंतीत एक खिळा ठोकू का?
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, बाई, दमलात. झोपा आता.

साडेनऊ वाजले होते.
आल्हाद जमिनीवर किल्ल्या मांडत होता.
गोदरेजची, गच्चीची, त्या जुन्या सायकलची.
ओळीच्या शेवटी आज
टोकन.
एकशे सात.